रंग दिसतो, बिल दिसत नाही

नोव्हेंबर 2020 मध्ये दक्षिण दिल्लीतल्या पंचशील पार्कमधलं एक घर देशभर गाजलं. घर शाहरुख आणि गौरी खान यांचं. गौरी खान यांनी त्याची नव्याने सजावट केली होती आणि एअरबीएनबी कंपनीने त्यावर स्पर्धा लावली होती. निवड होईल त्या एका जोडप्याला 13 फेब्रुवारी 2021 ची रात्र, म्हणजे व्हॅलेंटाइन डेची आदली रात्र, त्या घरात काढता येणार होती. पुरवण्यांनी दिवाणखान्याचे फोटो छापले, वाहिन्यांनी बातम्या रंगवल्या. त्यात सजावटीची बातमी कुठे संपते, खान दाम्पत्याच्या आठवणी कुठे सुरू होतात आणि कंपनीची जाहिरात कुठे येऊन बसते, हे वेगळं काढणं अवघड होतं. घराचं रूप पालटायला किती पैसे लागले, किती दिवस गेले, किती सुतार-गवंडी तिथे राबले, हा त्या बातम्यांचा विषयच नव्हता.

घराचा कायापालट दाखवणाऱ्या कार्यक्रमांचं जगभर आज हेच झालं आहे. नाव ‘रिअ‍ॅलिटी’चं, पण घराचं काम काढलेल्या कोणालाही सतावणाऱ्या तीन गोष्टी पडद्यावरून बेपत्ता असतात: खर्च, वेळ आणि कामगार. हे कार्यक्रम फार बाजारू आणि बनावट झाले अशी तक्रार पाश्चात्त्य देशांत बरीच जुनी आहे. भारतात ती अर्धीच लागू पडते. तिकडे आधी कार्यक्रम आला आणि मग जाहिरात त्यात शिरली. आपल्याकडे जाहिरातदारानेच कार्यक्रम काढला. त्यामुळे इथे काही बिघडलं असं म्हणण्यापेक्षा मांडणीच तशी होती, असं म्हणायला हवं.

तिकडची वाट आधी पाहू. 1979 मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक वाहिनीने ‘धिस ओल्ड हाउस’ सुरू केला. एक जुनं घर घ्यायचं आणि त्याची दुरुस्ती आठवड्यामागून आठवडे दाखवायची, एवढाच मामला. कुजलेली लाकडं, गंजलेले नळ, छपराची गळती, सगळं सावकाश उलगडायचं. सूत्रसंचालक बॉब व्हिला त्यामुळे घराघरांत पोचला. 1989 मध्ये त्याने गृहसामानाच्या एका दुकानसाखळीची जाहिरात केली. ती प्रायोजकांच्या पचनी पडली नाही आणि त्याला कार्यक्रम सोडावा लागला. सार्वजनिक वाहिनीवरसुद्धा प्रायोजकाची मर्जी किती चालते, हे तेव्हाच दिसलं होतं.

मग वेग आला. 1994 च्या अखेरीस अमेरिकेत एचजीटीव्ही ही घराला वाहिलेली अख्खी वाहिनी सुरू झाली. ब्रिटनमध्ये बीबीसीने 1996 मध्ये ‘चेंजिंग रूम्स’ आणला. त्यात दोन शेजारी दोन दिवसांत, पाचशे पौंडांत एकमेकांची खोली सजवायचे. घाईचा हा खेळ एकदा चांगलाच अंगाशी आला. नव्याने लटकवलेलं शेल्फ कोसळलं आणि त्यावर मांडलेला घरमालकिणीचा जुन्या, किमती चहादाण्यांचा संग्रह चक्काचूर झाला. ब्रिटिश प्रेक्षकांना तो भाग अजून आठवतो, कारण अनेक भागांमध्ये मिळून त्यांना दिसलेला तो दुर्मिळ खरा क्षण होता.

2003 मध्ये एबीसी वाहिनीचा ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन’ आला. अडचणीतलं कुटुंब निवडायचं, सात दिवसांत त्याचं घर पाडून नवं उभारायचं, समोर बस आडवी लावायची आणि ती हलवून घर उघड करायचं. प्रायोजक होती सिअर्स ही बलाढ्य दुकानसाखळी. घरं प्रशस्त झाली, तसे मालमत्ता कर आणि विजेची बिलंही फुगली. जॉर्जियातल्या एका कुटुंबाने कार्यक्रमाने दिलेलं घर तारण ठेवून साडेचार लाख डॉलरचं कर्ज काढलं आणि 2008 मध्ये ते घर लिलावाला निघालं. कॅमेरा तोवर केव्हाच पुढच्या गावी गेला होता.

बनावटपणाचे पुरावे पुढे एकेक करून बाहेर आले. घर शोधणाऱ्यांना तीन घरं दाखवणाऱ्या ‘हाउस हंटर्स’मध्ये भाग घेतलेल्या एका महिलेने 2012 मध्ये सांगितलं की घराचा सौदा चित्रीकरणाआधीच ठरला होता आणि ‘नापसंत’ घरं मित्रमंडळींची होती. 2016 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका दाम्पत्याने ‘लव्ह इट ऑर लिस्ट इट’च्या निर्मात्यांवर दावा ठोकला. घर ठेवायचं की विकायचं हा पेच लिहून दिलेला होता आणि काम निकृष्ट झालं, असं त्यांचं म्हणणं. निर्मात्यांनी ते मान्य केलं नाही. ‘फिक्सर अपर’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. जुन्या घरांच्या रंगात शिसं असतं. ते खरवडताना घ्यायच्या काळजीचे नियम अमेरिकेत कडक आहेत. तिथल्या पर्यावरण संस्थेने या कार्यक्रमाचे भाग पाहिले, तेव्हा ती काळजी दिसली नाही. चौकशी झाली आणि 2018 मध्ये सूत्रसंचालक चिप आणि जोआना गेन्स यांच्या कंपनीने 40 हजार डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. लाखो लोकांनी कौतुकाने पाहिलेल्या दृश्यांत निरीक्षकांना नियमभंग दिसला होता.

भारतात या धाटणीचा, वर्षानुवर्षं चाललेला, वाहिनीने स्वतःच्या बळावर काढलेला मोठा कार्यक्रम रुजलाच नाही. इथली मनोरंजन वाहिनी प्रायोजकाचा हात धरूनच चालायला शिकली. 1984 मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली तीच मॅगीच्या प्रायोजकत्वावर. घरसजावटीच्या बाबतीत रंगकंपन्या त्याही पुढे गेल्या. ‘हर घर कुछ कहता है’ हे एशियन पेंट्सचं जाहिरातवाक्य होतं, आणि पुढे त्याच नावाचा कार्यक्रम आला. त्यात अभिनेते विनय पाठक नामवंतांना त्यांच्या लहानपणच्या घरी घेऊन जायचे. 2017 मध्ये याच कंपनीची ‘व्हेअर द हार्ट इज’ ही मालिका इंटरनेटवर सुरू झाली. नामवंतांची घरं, हळुवार संगीत, भिंतीवर तिरपा पडलेला उजेड. निर्मितीत कसूर नाही. पण कॅमेरा कोणत्या पृष्ठभागावर रेंगाळणार, हे रंग विकणारी कंपनी ठरवत असेल तर त्या घरातली ओल कधीच दिसणार नाही.

2022 मध्ये ‘ड्रीम होम्स विथ गौरी खान’ आला. मनीष मल्होत्रा, कतरिना कैफ, फराह खान अशी पाहुणे मंडळी. ज्यांच्या दाराशी वास्तुरचनाकारांची रांग लागू शकते, त्यांची एखादी जागा आणखी सुंदर होताना पाहायची. दिल्लीच्या मयूर विहारमध्ये दोन खोल्यांत चार माणसं राहतात, त्यांनी यातून नेमकं काय उचलायचं? उचललं जातं ते इतकंच की छत सपाट असणं आता गरीबपणाचं लक्षण आहे. मग आठ फूट दहा इंच उंचीच्या खोलीतसुद्धा पीओपीचं फॉल्स सीलिंग लागतं आणि पंखा डोक्याला लागेल की काय अशी धास्ती वाटते.

मराठी प्रेक्षकाला घरात शिरणारा कॅमेरा नवा नाही. 2004 पासून आदेश बांदेकर ‘होम मिनिस्टर’ घेऊन वहिनींच्या दारात उभे राहू लागले. प्रायोजक तिथेही होते, बक्षिसं होती, 2022 च्या ‘महामिनिस्टर’मध्ये तर पैठणी 11 लाखांची होती. खेळ ठरलेला, प्रश्न ठरलेले. पण घर असेल तसं दिसायचं. शोकेसमधल्या ट्रॉफ्या, सोफ्यावर खास टाकलेलं धुतलेलं कव्हर, दाराआडून डोकावणारे शेजारी. त्या घराला कोणी ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी लेबलं लावली नाहीत. बाजारूपणाचेही प्रकार असतात. एक बाजार घरात येऊन साडी देऊन जातो. दुसरा तुमच्या घराला नावं ठेवतो आणि मग उपाय विकतो.

हा दुसरा प्रकार दिल्ली-एनसीआरमध्ये महागात पडतो. द्वारका, रोहिणी किंवा वसुंधरातल्या जुन्या फ्लॅटचं काम खरोखर कसं चालतं ते पाहिलं की कारण कळतं. ठेकेदार पहिल्या भेटीत म्हणतो, ‘‘बीस-पच्चीस दिन का काम है जी.’’ तोडफोड सुरू होते आणि न्हाणीघराच्या टाइल्सखाली गळका पाइप सापडतो. तो वरच्या मजल्यावरून येतो, म्हणजे आता वरच्यांना मनवायचं. गच्चीवरच्या टाकीपासून नवी लाइन टाकायची तर आरडब्ल्यूएला, म्हणजे रहिवासी संघटनेला विचारायचं. हातोडा दुपारी चालवायचा नाही, रविवारी मुळीच नाही. मलबा पोत्यांत भरून जिन्यावरून उतरवायचा आणि तो उचलणाऱ्याला वेगळे पैसे द्यायचे. मग जलरोधक लेप, मग भिंतीच्या आतून वीजवाहिन्यांचे पाइप, मग प्लास्टर. ते सुकेपर्यंत थांबायचं, नाहीतर पुट्टीवर फुगे येतात आणि वर्षभरात भिंतीला खार फुटतो. त्यानंतर फरशी, मग सुतार. रंग सगळ्यात शेवटी. टीव्हीवर नेमका तोच सगळ्यात आधी दिसतो, आणि बऱ्याचदा तेवढाच दिसतो.

सामानाचा फेरा वेगळाच. फर्निचर आणि प्लायसाठी कीर्तीनगर, हार्डवेअर आणि नळांसाठी चावडी बाजार, दिवे-वायरींसाठी चांदणी चौकातला भागीरथ पॅलेस, बाकी किडुकमिडुक कोटला मुबारकपूर. प्लायवर शिक्का कोणता, हा तिथला कळीचा प्रश्न असतो. आयएस 303 म्हणजे साधा वापर, आयएस 710 म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय. सिंकखाली चुकीचा शिक्का गेला तर दोन पावसाळ्यांत कपाट फुगतं. हा शिक्का ठळकपणे दाखवणारा मेकओव्हर कार्यक्रम विरळा. अंदाजपत्रकात 18 टक्के जीएसटी धरला आहे की नाही, हेही कुठलाच सूत्रसंचालक विचारत नाही.

त्यात दिल्लीचा हिवाळा. हवा बिघडली की ग्रॅप लागू होतो. या टप्प्याटप्प्याच्या कृती आराखड्यानुसार तिसऱ्या टप्प्यापासून धूळ उडवणारी बांधकामं आणि तोडफोड थांबते. प्लंबिंग, वीजकाम, सुतारकाम अशा धूळ न उडवणाऱ्या कामांना सूट आहे. पण तोडफोड अर्धवट राहिली असेल तर सुताराने बसायचं कुठे? नोव्हेंबर 2024 मध्ये चौथा टप्पा लागला तेव्हा कामं ठप्प झाली. सर्वोच्च न्यायालयाने खडसावल्यावर दिल्ली सरकारला नोंदणीकृत सुमारे 90 हजार बांधकाम मजुरांना प्रत्येकी आठ हजार रुपये द्यावे लागले. लेबर चौकात रोज सकाळी उभा राहणारा, नोंदणी नसलेला मजूर त्या यादीत नव्हता. घर बदलण्याच्या कार्यक्रमांतही तो नसतो. तिथे भिंत सूत्रसंचालकच रंगवतो, दोन फटकारे मारतो आणि पुढच्या दृश्यात खोली तयार असते.

सगळ्यात धोकादायक दृश्य मात्र हातोड्याचं असतं. यजमान हसत हसत भिंतीवर घण घालतात आणि ‘ओपन किचन’ होतं. दिल्ली भूकंपाच्या चौथ्या झोनमध्ये मोडते. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या (डीडीए) जुन्या इमारतींत अनेक ठिकाणी विटांच्या भिंतींनीच भार पेललेला असतो. नव्या इमारतींचीही खात्री नाही. 10 फेब्रुवारी 2022 रोजी गुरुग्रामच्या सेक्टर 109 मधल्या चिंटेल्स पॅराडिसो सोसायटीत सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुरुस्तीचं काम चालू होतं. तिथली जमीन खचली आणि खालचे मजले एकावर एक कोसळत पहिल्यापर्यंत आले. दोन महिलांचा जीव गेला. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्येच दोष निघाला आणि तो टॉवर राहण्यास अयोग्य ठरला. मुखर्जीनगरचे डीडीएने बांधलेले सिग्नेचर व्ह्यू अपार्टमेंट्स, 336 फ्लॅट, बांधून दीड दशक झालं नाही तोच धोकादायक ठरले. ते पाडण्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये शिक्कामोर्तब केलं. अशा शहरात भिंतीवर घण घालण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची भेट दाखवायला दहा सेकंद लागतील. तेवढा वेळ मिळत नाही.

टीव्हीला खर्च दाखवता येत नाही असं मात्र नाही. एप्रिल 2023 मध्ये टाइम्स नाऊ नवभारत वाहिनीने तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या 6, फ्लॅगस्टाफ रोड इथल्या सरकारी निवासस्थानाच्या नूतनीकरणाचं प्रकरण बाहेर काढलं आणि खर्चाचा आकडा 44.78 कोटी सांगितला. पडदे, संगमरवर, गालिचे, एकेका बाबीचा भाव पडद्यावर झळकला. घर 1942 चं, छत कोसळत होतं, म्हणून काम काढलं, असं आम आदमी पक्षाचं उत्तर होतं. भाजपने त्याला ‘शीशमहल’ म्हणून निवडणुकीचा मुद्दा केला. कॅगच्या अहवालात 33.66 कोटींचा आकडा असल्याच्या बातम्या जानेवारी 2025 मध्ये आल्या. त्याच महिन्यात आपचे नेते पत्रकारांना घेऊन घर दाखवायला निघाले आणि पोलिसांनी त्यांना दारातच अडवलं. राजकीय बाजू बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. दिल्लीत आजवर सर्वाधिक चर्चा झालेला घरसजावटीचा कार्यक्रम हाच होता आणि मूळ अंदाज किती, बिल किती, हे विचारलं गेलं ते फक्त याच्यात.

पाडण्याचा सोहळाही वाहिन्यांना जमतो. नोएडाच्या सेक्टर 93ए मधले सुपरटेक या बांधकाम कंपनीचे जुळे मनोरे 28 ऑगस्ट 2022 रोजी दुपारी अडीच वाजता 3,700 किलो स्फोटकांनी पाडले. सकाळपासून उलटी मोजणी, प्रत्येक वाहिनीचा वार्ताहर गच्चीवर. मनोरे काही सेकंदांत आडवे झाले. ढिगारा उपसायला महिने लागले आणि त्याचं थेट प्रक्षेपण कोणी केलं नाही.

घरं विकायला पुढे केल्या जाणाऱ्या प्रसिद्ध चेहऱ्यांचाही प्रश्न इथे येतो. नोएडातल्या आम्रपाली या बांधकाम समूहाचा ब्रँड अ‍ॅम्बेसिडर महेंद्रसिंह धोनी होता. घरं अर्धवट राहिल्यावर रहिवाशांनी समाजमाध्यमांवर त्यालाच जाब विचारला आणि एप्रिल 2016 मध्ये तो बाजूला झाला. जुलै 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आम्रपालीची रेरा नोंदणी रद्द करून अडकलेले प्रकल्प एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडे सोपवले. हजारो कुटुंबांनी तोवर हप्ता आणि भाडं दोन्ही भरलं होतं. 2021 मध्ये धोनी होमलेन या अंतर्गत सजावटीच्या कंपनीचा भागीदार आणि चेहरा झाला. दोन कंपन्यांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी घरासारख्या आयुष्यभराच्या खर्चात ओळखीच्या चेहऱ्यावर भरवसा टाकण्याची सवय एवढ्या अनुभवानंतरही सुटलेली नाही, हे यातून दिसतं.

कायदा अगदीच गप्प नाही. 1994 चे केबल टीव्ही नियम सांगतात की जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे आणि तासाला 12 मिनिटांपेक्षा जास्त नको. पण अर्ध्या तासाचा अख्खा कार्यक्रमच रंगकंपनीचा असेल तर मिनिटं कुठून मोजायची? शिवाय हा माल आता मोबाइलवर असतो. तिथे अ‍ॅस्की या जाहिरात नियमन संस्थेची 2021 ची नियमावली आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि जानेवारी 2023 च्या सूचना आहेत. पैसे, भेटवस्तू किंवा फुकट सेवा घेतली असेल तर ते प्रेक्षकाला कळेल अशा साध्या भाषेत, व्हिडिओतच सांगायचं. दिशाभूल केली तर दंड 10 लाखांपर्यंत, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. तरी स्वयंपाकघर ‘भेट’ म्हणून बसवून घेतलेल्या व्हिडिओत ते वाक्य कोपऱ्यात बारीक अक्षरांत येऊन जातं आणि वाचेपर्यंत नाहीसं होतं.

या कार्यक्रमांची बाजूही आहे. अंतर्गत सजावट हा फक्त श्रीमंतांचा छंद नाही, हे त्यांनीच मध्यमवर्गाला पटवलं. छोट्या जागेत सामान कसं बसवावं, उजेड कसा खेळवावा, याच्या कल्पना दिल्या. गोष्ट खरी ठेवूनही प्रेक्षक मिळतो, हे ब्रिटनच्या चॅनल 4 वरच्या ‘ग्रँड डिझाइन्स’ने 1999 पासून दाखवलं आहे. त्याचा सूत्रसंचालक केव्हिन मॅकक्लाउड दर भागात अंदाजपत्रक विचारतो, ते कसं कोसळलं हेही विचारतो. 2019 मध्ये डेव्हनच्या कड्यावर दीपगृहासारखं घर बांधायला निघालेल्या माणसाची कथा त्याने दाखवली. कर्ज वाढलं, संसार मोडला, घर अपुरं राहिलं. तो भाग सर्वाधिक चर्चेचा ठरला. आपल्याकडे हे काम काही प्रमाणात हिंदी यूट्यूबवरचे सुतार आणि ठेकेदार करतात. रनिंग फुटाचा दर काय, बिजागरी कोणती घ्यावी, लॅमिनेट कुठे सुटतं, हे ते कामाच्या जागी उभं राहून सांगतात. त्यांनाही माल विकायचा असतोच, पण त्यांच्या व्हिडिओत निदान धूळ दिसते.

निर्मात्यांकडून फार अपेक्षा नाही. भागाच्या शेवटी एक पाटी पुरे: एकूण खर्च किती, काम किती दिवस चाललं, पैसे कोणी दिले, कोणतं सामान फुकट आलं. ज्या कार्यक्रमाला ही पाटी परवडत नाही, त्याला जाहिरात म्हणावं आणि जाहिरातीच्या वेळेत दाखवावं.

प्रेक्षकाने तोवर आपली काळजी आपण घ्यायला हवी. आगाऊ रक्कम देण्याआधी ठेकेदाराकडून लेखी घ्या: खोलीवार दर, प्लायचा शिक्का, जीएसटी, मलबा कोण उचलणार, ग्रॅपमुळे काम थांबलं तर मुदत कशी धरायची, शेवटचा हप्ता कोणत्या तपासणीनंतर द्यायचा. आणि व्हिडिओ पाहून एखादी भिंत पाडायची इच्छा झालीच, तर हातोडा आणण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा. त्याची फी घराच्या नव्या रंगापेक्षा बहुधा कमीच असते.